एक वजा करून

मेळसाहेबांच्या आयुष्यात संकटं आली ती नेहमी खाकी लिफाफ्यातून. बदलीचा हुकूम खाकी लिफाफ्यातून आला, चष्म्याचं बिल नामंजूर झाल्याचं पत्र खाकी लिफाफ्यातून आलं, आणि लग्नाआधी मुलीचा फोटोही खाकी लिफाफ्यातूनच आला होता, पण हे ते बायकोसमोर बोलत नसत. त्यामुळे एका सोमवारी टेबलावर उशीएवढा जाड खाकी लिफाफा दिसला तेव्हा ते आधी ग्लासभर पाणी प्यायले, मग चष्मा पुसला, आणि मगच त्यांनी लिफाफा फोडला.

आत चौसष्ट पानांचा कोरा नमुना होता. नाव, 'लघु सार्वजनिक विमानतळांचे पंचवार्षिक व्यूहात्मक व्यवसाय नियोजन'. हे नाव एका दमात वाचता येत नाही; मेळसाहेबांनी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा 'व्यूहात्मक'पाशी घोडं अडलं. सोबतचं पत्र मात्र छोटं आणि सरळ होतं. नमुना नव्वद दिवसांत भरावा. ज्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांची रोजची सरासरी बाराच्या खाली असेल तो बंद करण्यात येईल, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना मुख्यालयाच्या भांडारात सामावून घेण्यात येईल.

मेळसाहेब हे अर्थात आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते होते या विमानतळाचे प्रभारी व्यवस्थापक. 'प्रभारी' हा शब्द दारावरच्या पाटीवर सहा वर्षांपूर्वी तात्पुरता म्हणून खडूनं लिहिला होता, आणि तो पुसट झाला की मेळसाहेबच दार बंद करून त्यावर नवा खडू फिरवीत. विमानतळ तसा आटोपशीर. एक धावपट्टी, एक हॉल, हॉलमध्ये खुर्च्यांची एक रांग, आणि माणूस जवळ आला की आपोआप उघडणारं एक काचेचं दार. दिवसाला एकच विमान, एकोणीस आसनांचं. चार दहाला उतरायचं, पाचला उडायचं. उतरलेल्यांची यादी विमानातून यायची, आणि दाराशी बसणारे काका मुठीत मावणाऱ्या मोजयंत्रावर बाहेर पडणाऱ्यांची मोजदाद करायचे. एक माणूस, एक टिक्. यादीचा आकडा आणि काकांचा आकडा जुळला की झाला मेळ. तो जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, असा दंडक होता. एकोणीस वर्षांत मेळ एकदाही चुकला नव्हता, म्हणून हे नाव पडलं. लोक ते टोपणनाव म्हणून वापरत आणि मेळसाहेब ते पदवी म्हणून घेत.

तीन महिन्यांच्या याद्या काढून त्यांनी सरासरी काढली. अकरा. पुन्हा काढली. अकराच. एका माणसानं त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, आणि तोही असा माणूस जो अस्तित्वातच नव्हता.

भांडारात बदलीचं त्यांना स्वतःसाठी एवढं काही वाटलं नसतं. डबा तिथेही खाता येतो. पण बदली म्हणजे विमानतळाच्या आवारातलं राहतं घर जाणार, आणि त्या घरात सासूबाई होत्या. सात वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली आणि त्या लेकीकडे राहायला आल्या. दुसऱ्या मजल्यावरचं हे घर त्यांनी पावलांनी पाठ केलं होतं. पलंगापासून न्हाणीघर चौदा पावलं, स्वयंपाकघर अकरा आणि एक उंबरा, गॅलरी नऊ. पाठ व्हायला दोन वर्षं लागली, त्यात दोनदा कपाळ फुटलं. आता त्या घरात इतक्या ऐटीत फिरत की नवीन माणसाला कळतही नसे. डॉक्टरांनी बजावलं होतं, या वयात पुन्हा नवं घर पाठ होणार नाही, आणि आणखी एकदा पडल्या तर उठणार नाहीत. म्हणजे मेळसाहेबांच्या लेखी त्या चौसष्ट पानांचा अर्थ एवढाच होता, की आईंची चौदा पावलं राहतात की जातात.

नमुन्यात 'बलस्थाने' आणि 'उणिवा' अशी दोन पानं समोरासमोर होती. उणिवांचं पान दुपारपर्यंत भरलं आणि जादा कागद जोडावा लागला. बलस्थानांपाशी ते तीन दिवस बसले. 'गाडी लावायला भरपूर जागा' असं एकदा लिहिलं, पण जागा का आहे हे आठवून खोडलं.

चौथ्या दिवशी जिन्यात शेजारचे निवृत्त ओव्हरसियर भेटले. हे गृहस्थ पूल बांधण्यात आयुष्य घालवून आता सल्ले देत. पूल निदान एका जागी उभे राहत.

"व्यवसाय वाढवायचाय ना? धावपट्टीवर मोटार शिकवायचे वर्ग काढा," ते म्हणाले. "दीड किलोमीटर सरळ रस्ता! वळण नाही, सिग्नल नाही, म्हातारी माणसं नाहीत."

"आणि विमान?"

"ते काय, एकदाच येतं. तेवढा वेळ गाड्या बाजूला घ्यायच्या." मग त्यांनी आवाज खाली आणला. "चेष्टा सोडा, मेळसाहेब. कुठल्याही बांधकामात पाया महत्त्वाचा. तुमचा पाया म्हणजे आकडा. आकडे खरे घ्या, अगदी खरे. कागदावर काय आहे ते नका बघू, दारात काय होतंय ते बघा."

आयुष्यात पहिल्यांदाच ओव्हरसियरांचा एखादा सल्ला मेळसाहेबांना पटला, आणि तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना बोलावलं. काका म्हणजे विमानतळाइतकेच जुने. कमी बोलणारे, आणि बोलले की चुकून बोलल्यासारखे ओशाळणारे.

"काका, आजपासून मला खरा आकडा द्यायचा."

काकांनी टोपी काढून हातात घेतली. "खरा म्हणजे, साहेब? वजाबाकीच्या आधीचा की नंतरचा?"

"कसली वजाबाकी?"

"रोज एक वजा करतो ना मी. यंत्रात जे येतं त्यातून एक वजा करून तुम्हाला सांगतो. म्हणून तर मेळ बसतो."

मेळसाहेब खुर्चीत होते म्हणून बरं. "कुठल्या गाढवानं सांगितलं असं करायला?"

काका नुसते टोपीकडे बघत राहिले. "जुना हुकूम आहे," ते शेवटी पुटपुटले.

त्या दुपारी मेळसाहेब स्वतः दाराशी उभे राहिले. कपाटातलं दुसरं मोजयंत्र झटकून त्यांनी मुठीत धरलं. ऊन लख्ख होतं, हॉलमध्ये फरशी पुसल्याचा वास होता, भिऊन जावं असं तिथे काही नव्हतं. विमान आलं. यादीत अकरा नावं. माणसं बॅगा ओढत आली, एकेक जण दारातून बाहेर पडला. बाहेर पोर्चमध्ये हाका ऐकू येत होत्या, "अहो, इकडे!", "मामा, मी इथे!" अकरावी एक बाई होती, ती गेली, दार बंद झालं. मेळसाहेबांनी समाधानानं यंत्राकडे पाहिलं. अकरा.

मग दार पुन्हा उघडलं.

समोर कुणीही नव्हतं. दार मात्र अर्धंमुर्धं नव्हे, पूर्ण उघडलं आणि उघडंच राहिलं. सावकाश चालणाऱ्या, हातात जड सामान असलेल्या माणसाला बाहेर पडायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ. मग हलकेच बंद झालं. काकांच्या मुठीत टिक् झालं. आणि मेळसाहेबांच्या मुठीतही झालं. त्यांनी अंगठा हलवला नव्हता, ही गोष्ट ते पुढे कुणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगायला तयार असत.

"बारा," काका म्हणाले. "आता बाहेर पोर्चमध्ये उभे राहतील. सगळे गेले की परत येऊन तिसऱ्या खुर्चीवर बसतील. पुढचं मला माहीत नाही, माझी ड्यूटी संपते."

"तुम्हाला दिसतात ते?" मेळसाहेबांनी विचारलं.

"छे हो! दिसले असते तर नोकरी सोडून पळालो नसतो का?"

पाच मिनिटांनी दार आत येणाऱ्यासाठी उघडावं तसं उघडलं आणि मिटलं. मेळसाहेबांनी धीर करून तिसऱ्या खुर्चीवर हात ठेवला. बाकीच्या खुर्च्या उन्हानं कोमट झाल्या होत्या. ही विहिरीच्या काठासारखी थंडगार होती. हात काढून घेताना ते नकळत "माफ करा" म्हणाले, आणि हे कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहू लागले.

आता साध्या माणसानं इथे काय केलं असतं? देवाचं नाव घेतलं असतं, रजा टाकली असती. मेळसाहेबांनी त्यातलं काही केलं नाही असं नाही. पण घरी परतताना जिन्याच्या सातव्या पायरीवर त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अकरा अधिक एक किती?

सकाळी त्यांनी मुख्यालयातल्या नियोजनाच्या मॅडमना फोन लावला. "समजा, मॅडम, एखादा प्रवासी यादीत नाही, पण दारातून रोज बाहेर पडतो. तर तो धरावा का?"

"तुमच्या मोजणीत येतो का?"

"येतो."

"मग प्रश्न काय आहे? प्रवासी किती ते नमुन्यात विचारलंय. कोण ते विचारलेलं नाही. मात्र प्रत्येकाकडून समाधान-पत्रक भरून घ्या. आकडा आणि पत्रकं जुळली पाहिजेत."

पत्रकं जुळवणं म्हणजे मेळसाहेबांचा हातखंडा. दुपारी अकरा पत्रकं माणसांना वाटली, बारावं तिसऱ्या खुर्चीवर ठेवलं, शेजारी दोऱ्यानं बांधलेलं पेन. त्या पेनात शाई नव्हती हे सगळ्या कार्यालयाला माहीत होतं. नवं मागवलेला अर्ज गेली दोन वर्षं मुख्यालयात फिरत होता. संध्याकाळी पत्रकं टाकायची पेटी उघडली. बारा पत्रकं. बारावं निळ्या शाईत, थरथरत्या पण वळणदार अक्षरात भरलेलं.

'स्वच्छता' समोर 'समाधानकारक' अशी खूण होती. 'कर्मचाऱ्यांची वागणूक' समोर काहीच नव्हतं. 'प्रवासाचा हेतू' या रकान्यात लिहिलं होतं, घरी जाणे. 'प्रतीक्षेचा कालावधी' इथे 'एक तासापेक्षा जास्त' याच्यापुढे खूण करून कंसात, जागा कमी म्हणून अक्षर बारीक करून, 'एकोणीस वर्षे' असं लिहिलं होतं. आणि खाली सूचनांसाठी दोन ओळी सोडलेल्या असतात तिथे: न्यायला कोणी आलेले दिसत नाही. उद्या पुन्हा बघतो.

मेळसाहेबांच्या अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी त्यांना राग आला, आणि तो कुठल्यातरी अपमानातून आला होता. आपल्या विमानतळावर, आपल्या नाकासमोर, एक माणूस एकोणीस वर्षं खोळंबतो आणि त्याची नोंद नाही? त्यांनी काकांपुढे पत्रक आपटलं. "तो हुकूम दाखवा मला. कुणाची सही आहे बघतो."

काकांनी गळ्यातल्या ओळखपत्राच्या पाकिटातून एक घडी काढली. घड्यांवर फाटलेली, चिकटपट्टीनं जोडलेली. 'उतरलेले व बाहेर पडलेले यांत फरक आढळल्यास बाहेरच्या आकड्यातून एक वजा करून मेळ घालावा. रोज.' खाली सही. 'रोज'च्या जची शेपटी लांब ओढायची सवय जगात एकाच माणसाला होती.

"तुम्ही गाढव म्हणालात, तेव्हा मला बोलवेना," काका म्हणाले.

मेळसाहेब मटकन खाली बसले. त्यांना आठवलं. नोकरीचा पहिला आठवडा, लग्नाला महिना झालेला, घरी जायची घाई. मेळ बसेना. यादीत अकरा, दारात बारा. आणि ते मान खाली घालून बेरीज तपासत असताना शेजारून कुणीतरी विचारत होतं, म्हाताऱ्या, अदबशीर आवाजात, "मला न्यायला कोणी आलंय का हो?" एकदा नाही, तीनदा. ते म्हणाले होते, "बाहेर बघा." मान वर केली नव्हती. यादीत नाव नाही म्हणजे माणूस नाही, असं म्हणून त्यांनी तो हुकूम खरडला होता आणि सायकलवर टांग टाकली होती. चेहरा आठवायचा म्हटलं तर आठवणार कुठून? पाहिलाच नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"मग उद्या जाऊन घेऊन या ना त्यांना," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं माणसाला ताटकळत ठेवलंत तुम्ही!"

"आणलं तर आकडा अकरावर येईल. विमानतळ बंद. हे घर जाईल. मग आईंना..." ते थांबले, कारण सासूबाई दाराशी उभ्या होत्या.

त्या नऊ पावलं मोजून गॅलरीत जाऊन बसल्या.

ओव्हरसियरांनी मात्र मध्यममार्ग काढला. भूत म्हटल्यावर ते दोन पायऱ्या वर सरकले, पण सल्ला द्यायचं थांबले नाहीत. "एकोणीस वर्षं थांबलाय, नव्वद दिवसांनी काय फरक पडतो? आराखडा मंजूर होऊ द्या, मग न्या. अहो, व्यवहार बघायला नको?"

आणि मेळसाहेबांनी व्यवहार बघितला. हे सांगायला त्यांनाही पुढे लाज वाटे. रोज चार दहाला विमान यायचं, रोज दार बाराव्यांदा उघडायचं, मेळसाहेब वहीत बारा लिहायचे आणि मान खालीच ठेवायचे. पत्रकं येत राहिली. 'न्यायला कोणी आलेले नाही. उद्या पुन्हा बघतो.' कधी तक्रार नाही, कधी वाकडा शब्द नाही. एकदा पावसाळी दिवशी नुसतं, 'आज पोर्चमध्ये गारठा होता.' आणि सत्तराव्या दिवशी, मेळसाहेबांचं चुकून तिसऱ्या खुर्चीकडे लक्ष गेलं होतं त्या दिवशी: 'आज आपण माझ्याकडे पाहिलेत असे वाटले. घाईत असाल.'

ते पत्रक मेळसाहेबांनी फाइलला लावलं नाही. खिशात ठेवलं. रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही, आणि बायकोनं कारण विचारलंही नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मॅडम स्वतः तपासणीला आल्या. कडक इस्त्रीचे कपडे, हातात पेन, चेहऱ्यावर 'मला फसवून दाखवा' असा भाव. त्यांनी धावपट्टी पाहिली, दार पाहिलं, वह्या पाहिल्या आणि पाय दुखले म्हणून हॉलमधल्या रांगेत बसायला गेल्या. नेमक्या तिसऱ्या खुर्चीवर. अर्ध्या टेकल्या आणि चटका बसल्यासारख्या उठल्या.

"सॉरी हं, सॉरी," त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या. "मला दिसलंच नाही." आणि शेजारच्या खुर्चीवर अंग चोरून बसल्या. मिनिटभरानं त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मेळसाहेबांकडे पाहिलं, आणि जे करायचं ते केलं. म्हणजे पुढचं पान उलटलं.

"सरासरी बारा. ठीक आहे," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "बलस्थानांचं पान कोरं आहे, ते भरा. आणि हे हमीपत्र. ही संख्या पुढची पाच वर्षं कमी होऊ देणार नाही, अशी सही करून परवापर्यंत पाठवा." आणि त्या गाडीत जाऊन बसल्या, पाण्याची बाटली तिथेच विसरून.

पाच वर्षं. म्हणजे पाच वर्षं रोज दार उघडणार, तो माणूस बाहेर येऊन बघणार, परत जाऊन बसणार, आणि मेळसाहेबांनी सही करून द्यायची की त्याला कुणी नेणार नाही. पहिला हुकूम निदान घाईत लिहिला होता.

हमीपत्र घेऊन ते घरी आले. सासूबाईंनी जवळ बोलावलं.

"सात वर्षांपूर्वी मी इथे आले, तेव्हा तुम्ही मला घ्यायला बसच्या थांब्यावर यायचे होतात," त्या म्हणाल्या. "आठवतं?"

मेळसाहेबांना आठवत होतं. त्या दिवशी यादीत एक नाव दोनदा पडलं होतं.

"दोन तास बसले मी. दिसत तर काही नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं. सगळ्यांना कोणी ना कोणी हाक मारत होतं. दर हाकेला वाटायचं, ही माझी. मी बोलले नाही तुम्हाला, तुम्ही चांगले आहात. पण त्या दोन तासांत मला जे वाटलं ते शत्रूलाही वाटू नये." त्यांनी चाचपून त्यांचा हात धरला. "माझ्या चौदा पावलांवर त्या माणसाला बसवून ठेवू नका. मला ती पावलं टोचतात आता."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मेळसाहेब पोर्चमध्ये उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा दाराच्या बाहेरच्या बाजूला. हातात खोक्याचा एक पुठ्ठा होता. त्यावर नाव लिहायचं तर नाव ठाऊक नव्हतं, म्हणून लिहिलं होतं, 'तुम्हाला न्यायला आलो आहे.' एका मावशीला ते स्वतःसाठीच आहे असं वाटून ती त्यांच्याकडे बॅग द्यायला लागली, तिची समजूत घालण्यात दोन मिनिटं गेली. अकरा जण गेले. पोर्च रिकामा झाला.

दार उघडलं आणि उघडंच राहिलं.

मेळसाहेबांनी मान वर ठेवली. ठरवून, वर ठेवली. समोर ऊन होतं, फरशी होती, बाकी काही नव्हतं. "या," ते म्हणाले. "फार उशीर झाला हो मला." आणि बॅग घ्यायला हात पुढे केला.

हातात वजन आलं. जुन्या पत्र्याच्या पेटीचं असतं तसं, कडीसकट. आतून काकांनी टोपी काढलेली काचेतून दिसत होती. स्कूटरची मागची सीट दबली, आणि रस्ताभर मेळसाहेबांची पाठ गार पडली होती. वाटेत ओव्हरसियर पेपर घेऊन येत होते. त्यांनी हात वर केला, स्कूटरच्या मागे पाहिलं, आणि पेपर तिथेच टाकून घराकडे जे निघाले ते त्या आठवड्यात जिन्यात दिसले नाहीत.

दारात बायकोनं पाणी दिलं. दोन ग्लास. सासूबाई मात्र उठून पुढे आल्या आणि मेळसाहेबांच्या जरा डावीकडे तोंड करून हसल्या. "आलात? दमला असाल. सरळ या, सात पावलं, मग उंबरा आहे, पाय उचला." आणि त्या मागे न बघता पुढे चालू लागल्या, कारण बघायचा प्रश्नच नव्हता. दिवाणखान्यात त्या आणि समोरची रिकामी खुर्ची दोन तास बोलत होत्या. चहा झाला. मेळसाहेब स्वयंपाकघरात उभं राहून ऐकत होते. सासूबाईंचं बोलणं ऐकू यायचं, मग त्या गप्प राहून मान हलवायच्या, मग एकदम मोकळं हसायच्या. सात वर्षांत त्या इतक्या हसल्या नव्हत्या.

दिवेलागणीला त्यांनी हाक मारली. "गेले ते. तुम्हाला सांगा म्हणाले, पोचल्यासारखं वाटलं."

"कुठे गेले?"

"नऊ पावलं ऐकली मी, गॅलरीपर्यंत. परत आली नाहीत." गॅलरी दुसऱ्या मजल्यावर होती. बायकोनं उठून गॅलरीचा दिवा लावला आणि थोड्या वेळानं पुन्हा बंद केला.

दुसरा दिवस नव्वदावा. मेळसाहेबांनी सकाळीच सरासरीच्या रकान्यातलं बारा खोडून अकरा लिहिलं. खाडाखोडीवर सही केली. सही न केलेलं हमीपत्र मागे जोडलं. बलस्थानांचं पान कोरंच राहू दिलं. घरी बायकोनं भांडी पुठ्ठ्यांच्या खोक्यांत भरायला घेतली होती, आणि सासूबाई एकट्याच उगाच चौदा पावलं जाऊन येत होत्या.

चार दहाला विमान आलं. यादीत अकरा. अकरा जण बाहेर पडले. मेळसाहेब मुद्दाम खुर्चीकडे बघत नव्हते. सवयीनं कान तेवढा दाराकडे होता.

दार उघडलं. टिक्.

दार मिटायच्या आत पुन्हा उघडलं. टिक्. मग पुन्हा. मग पुन्हा. काका उभे राहिले होते, हातातलं यंत्र लांब धरून. "पंधरा, साहेब," ते कसेबसे म्हणाले. "वजा करू?"

"नको," मेळसाहेब म्हणाले. 

थोड्या वेळानं दार आत येणाऱ्यांसाठी चारदा उघडलं. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. चारही खुर्च्या थंडगार होत्या. त्यांनी पेटी उघडली. चार पत्रकं जास्तीची, चार वेगवेगळ्या अक्षरांत, त्याच बिनशाईच्या पेनानं लिहिलेली. एक तर लहान मुलानं गिरवावं तशा मोठ्या अक्षरात होतं. सूचनांच्या ओळींवर चौघांनीही जवळजवळ तेच लिहिलं होतं: इथे न्यायला येतात असे कळले.

मेळसाहेब बराच वेळ हॉलमध्ये उभे होते. अंगावर काटा होता, आणि डोळ्यांत पाणीही होतं. दोन्ही एकदम आलं की चष्मा कुठे ठेवावा कळत नाही. मग ते आपल्या खोलीत गेले, चौसष्ट पानांचा नमुना उघडला आणि सरासरीचे अकरा खोडून आजचा आकडा लिहिला, पंधरा. हमीपत्रावर सही केली. बलस्थानांच्या कोऱ्या पानावर सगळ्यात वर, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'इथे न्यायला येतात.' आणि कपाटामागे कालच ठेवलेला पुठ्ठा बाहेर काढला.

मग घरी फोन लावला.

"खोकी भरू नकोस," ते म्हणाले. "आणि चहा जरा जास्त टाक. आज चौघं आहेत."

 "स्कूटरवर चौघं कसे आणणार तुम्ही?" बायकोनं विचारलं.

"फेऱ्या मारतो," मेळसाहेब म्हणाले, आणि पुठ्ठा घेऊन पोर्चकडे निघाले.